चिकट राहिलेला साचा: सांगलीतल्या एका नाटकाच्या दागिन्यांचं प्रकरण

सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेनं पौराणिक नाटक बसवायला घेतलं होतं. प्रयोग रंगभूमी दिनाच्या आठवड्यात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं याच गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्या आठवड्यात सांगलीत नाटक करायचं म्हणजे प्रेक्षकांत निम्मे लोक स्वतः कधी ना कधी तोंडाला रंग लावलेले असतात. तिथं पात्रांच्या अंगावरचे दागिने पुठ्ठ्याचे दिसून चालत नाहीत.

नाटकात सहा राजपुरुष. प्रत्येकाच्या कमरपट्ट्यावर आठ गोल पदकं, म्हणजे एकसारखी ४८ पदकं. वर मुकुटांसाठी रंगीत खडे. भाड्यानं मिळणारे दागिने पाहून झाले होते. सहाजणांचे सारखे संच कुठंच जमेनात. पुठ्ठा, बेगड आणि काचा हा जुना मार्ग होताच, पण ४८ पदकं हातानं सारखी करणं म्हणजे दोन महिने एका माणसाचे हात बांधून ठेवणं. संस्थेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका म्हणाल्या, "एक पदक मातीत घडवते, त्याचा रबराचा साचा करते आणि रेझिनमध्ये ओतून काढते." रेझिन म्हणजे दोन भाग मिसळून ओतलं की टणक होणारं पातळ प्लॅस्टिक. विचार अगदी बरोबर होता. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

ऑगस्टच्या मध्यावर बाईंचा फोन आला तेव्हा पहिला साचा वाया गेलेला होता. एक किलोचा महागडा सिलिकॉन रबराचा डबा, त्यातलं जवळजवळ निम्मं रबर संपलेलं, आणि ज्या बाजूला पदकाची नक्षी उमटायला हवी होती तिथं मधासारखा चिकट थर. पदकही खराब झालं होतं. बाईंचं म्हणणं होतं की विकणाऱ्यानं जुना माल दिला. संस्थेतल्या दुसऱ्या कुणाला वाटत होतं की प्रमाण चुकलं. तिसऱ्यानं पावसाळी हवेवर ठपका ठेवला. असं झालं की बहुतेक लोक तोच माल पुन्हा मागवतात, जास्त काळजीनं मिसळतात आणि पुन्हा तसंच होतं. म्हणून मी त्यांना एवढंच सांगितलं: तो फसलेला गोळा फेकू नका, कप धुऊ नका, ढवळायची काडीसुद्धा ठेवा.

फसलेला गोळा काय सांगतो

बाईंच्या घरी टेबलावर सगळं मांडून पाहिलं. ज्या कपात रबर कालवलं होतं, त्याच्या तळाशी राहिलेलं रबर पक्कं झालं होतं. बोटानं ओढलं तर ताणून परत जागेवर येत होतं. साच्याची वरची, हवेकडची बाजू पक्की. माउंट बोर्डाच्या चौकटीला लागलेल्या चारही कडा पक्क्या. चिकट होता तो फक्त मातीला टेकलेला भाग, तोही सगळीकडे सारखाच.

इथं निदान जवळजवळ पूर्ण होतं. प्रमाण चुकलं असतं तर अख्खा गोळा मऊ किंवा कच्चा राहिला असता, कपातलाही. नीट ढवळलं गेलं नसतं तर चिकटपणा पट्ट्यापट्ट्यांनी, कुठंही आला असता. माल जुना असता तरी तो कपातही बसला नसता. चिकटपणा मातीची सीमा पाळून उमटला होता, म्हणजे दोष मातीतून आला होता.

बाईंनी वापरलेली माती शिल्पकामाची तेलमिश्रित माती होती. ती वाळत नाही, बारीक काम धरते, म्हणून शिल्पकारांना आवडते. यातल्या बऱ्याच प्रकारांत गंधक असतं. आणि बाईंनी घेतलेलं रबर प्लॅटिनम जातीचं होतं. सिलिकॉन रबर दोन मुख्य जातींत येतं. प्लॅटिनम जातीत दोन भाग एकत्र आले की अगदी किंचित प्रमाणात असलेलं प्लॅटिनमचं संयुग रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडत जातं. गंधक, अमाइन, कथिलाची संयुगं असे काही पदार्थ या प्लॅटिनमलाच जाऊन चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. प्लॅटिनम इतकं थोडं असतं की त्याला निकामी करायला गंधकाचा लवलेशही पुरतो. असा थर मग आठवडाभर ठेवा, उन्हात ठेवा, पक्का होत नाही.

दुसरी जात टिन म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाची. तिला गंधकाचं काही वाटत नाही. ती थोडी आकसते, काही वर्षांत ठिसूळ होते, आणि म्हणून जिथं तिथं तिला कमी दर्जाची म्हटलं जातं. बाईंनी "सगळ्यात चांगलं" म्हणून प्लॅटिनमचं घेतलं होतं. कशासाठी चांगलं, हे त्या सल्ल्यात नव्हतं.

बाईंना हे पटकन पटलं नाही आणि मला ते आवडलं. नुसतं सांगून पटण्यापेक्षा करून पाहणं केव्हाही बरं. म्हणून ठिपक्यांची चाचणी लावली. टाइलचा एक तुकडा घेतला. त्यावर त्याच मातीच्या दोन छोट्या चकत्या. एक उघडी, दुसरीवर ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात मारून वाळवलेली. टाइलचा एक कोपरा मोकळा. चौथ्या जागी, पिवळ्या लॅटेक्स हातमोज्याचं बोट कापून पसरलं, कारण बाईंनी ओतताना तेच हातमोजे घातले होते. चारही जागी उरलेल्या प्लॅटिनम रबराचा नाण्याएवढा ठिपका, आणि शेजारी टिन रबराचा तसाच ठिपका.

दुसऱ्या दिवशी प्लॅटिनम रबर मोकळ्या टाइलवर पक्कं होतं, उघड्या मातीवर चिकट, हातमोज्यावर चिकट. लॅकर लावलेल्या मातीवर मधोमध बसलं होतं पण कडेला, जिथं लॅकर पातळ होतं, तिथं ओलसर. टिन रबर चारही जागी खणखणीत बसलं होतं. विकणाऱ्यावरचा राग तिथंच संपला.

लॅकरचा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. तो कधी चालतो, कधी नाही. गंधक पातळ थरातून वर येतं आणि एखाद्या खोलगट कोपऱ्यात लॅकर कमी पडलं तर नेमकी तिथली नक्षी जाते. महिनाभर घडवलेल्या कामावर हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गंधकविरहित तेलमाती मिळते, ती आधीच घेतली असती तर प्रश्नच नव्हता. पण माती घेऊन झालेली होती, तेव्हा मातीला चालणारं रबर निवडणं सोपं.

हे सांगताना एक गोष्ट मनाला लागते. सांगलीत गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. रबरी साचे, त्याला पाठीमागून फायबरचं कवच, साचा कुठून उघडायचा, कुठला भाग अडकेल, हे तिथली माणसं हातानं जाणतात. बाईंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असा कारखाना आहे. पण ऑगस्टमध्ये त्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो आणि आपण घरबसल्या पडद्यावर पाहून शिकतो. दोन्हींत आपला तोटा आहे.

अण्णांची हरकत

पदक पुन्हा घडवायचंच होतं, म्हणून नेपथ्य पाहणारे अण्णा ते बघायला आले. चाळीसएक वर्षं सांगलीच्या रंगमंचामागं काढलेला माणूस. पदक हातात घेऊन त्यांनी दिव्यासमोर तिरकं धरलं.

"काय ओ बाई, काम लई नाजूक झालंय. पण पंधराव्या रांगेतनं ही नक्षी कुणाला दिसायची?"

"जवळून बघणाऱ्याला तरी दिसेल ना, अण्णा."

"जवळनं बघणारा आमच्यातलाच. तिकीट काढून आलेला लांब बसतोय."

बाईंनी कमळाच्या पाकळ्यांत रेषा कोरल्या होत्या, केसाएवढ्या. अण्णांचं म्हणणं होतं की रंगमंचावरच्या दागिन्याला रेषा लागत नाही, खोली लागते. समोरून प्रकाश पडला की बारीक रेषा पुसून जाते. उंचवट्याला उजेड आणि खाचेत काळोख असेल तरच आकार लांबवर पोचतो. मग दोन मिलिमीटरचा उठाव चार-पाच मिलिमीटरवर नेला, पाकळ्या आठवरून सहा केल्या, मधला गोळा मोठा केला.

खोली वाढवताना साच्याची बाजूही पाहावी लागते. पाकळीची कड खाली आत वळलेली असेल तर रबर तिथं शिरतं आणि ओतलेला तुकडा काढताना पाकळी नाहीतर रबर, दोघांतलं एक फाटतं. मऊ रबर थोडा अडसर सहन करतं, पण ४८ वेळा ओढायचं असेल तर सहन होईल तेवढंही ठेवू नये. प्रत्येक भिंत किंचित बाहेर झुकती ठेवली. अंगठ्यानं मातीवरून हात फिरवून, कुठं बोट अडतं ते बघून ही दुरुस्ती होते. त्याला कुठलंही उपकरण लागत नाही.

वजनाचा मुद्दाही अण्णांनीच काढला. पदक ६० मिलिमीटर व्यासाचं. बाईंच्या मूळ कल्पनेत ते १२ मिलिमीटर भरीव होतं, म्हणजे साधारण ३४ घनसेंटिमीटर, एका पदकाचं वजन ३७ ग्रॅमच्या आसपास. आठ पदकं आणि पट्टा धरून तीनशेच्या पुढं. उभ्या माणसाला ते जाणवणार नाही, पण दुसऱ्या अंकात युद्धाचा प्रसंग होता आणि पट्टा उड्या मारताना खाली सरकला असता. तळ चार मिलिमीटरचा, टोकाला आठ, सरासरी सहा अशी जाडी ठरवली. पदक १९ ग्रॅमवर आलं, पट्टा दीडशेवर.

कोणतं रेझिन

इथं घर कुणाचं, घरात कोण, याचा विचार पहिला हवा आणि तो बहुतेक वेळा शेवटी होतो. बाईंचं घर दोन खोल्या आणि गच्चीचं. सासूबाईंना दमा. गच्चीवर पत्र्याची शेड, तिन्ही बाजूंनी मोकळी. सामान ठेवायची जागाही वरच, कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं खालच्या मजल्यावर डबे ठेवायची त्यांची हिंमत कायमची घालवली आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त, कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत फायबरचं काम करणाऱ्यांकडं सर्रास वापरलं जातं. पण त्यात स्टायरीन असतं. त्याचा वास घरभर फिरतो आणि दमेकऱ्याच्या घरात ते नकोच. शिवाय पक्कं होताना ते आकारमानानं पाच ते आठ टक्के आकसतं आणि त्यातलं स्टायरीन सिलिकॉनचा साचा लवकर खातं. ज्यांना वापरायचंच आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. या रेझिनसोबत कोबाल्टचा ॲक्सिलरेटर, म्हणजे पक्कं होण्याचा वेग वाढवणारा, आणि हार्डनर, म्हणजे पक्कं करणारा, म्हणून पेरॉक्साइड, अशा दोन बाटल्या येतात. त्या दोन्ही थेट एकमेकींत कधीही मिसळायच्या नाहीत; जोराची प्रतिक्रिया होऊन आग लागते. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, नंतरच दुसरा. बाटल्या एका कप्प्यात शेजारी ठेवणंही टाळावं.

पॉलियुरेथेनचा मोह बाईंना फार होता. दोन भाग सम प्रमाणात, दोन-तीन मिनिटांत ओतायचं, अर्ध्या तासात तुकडा हातात. ४८ पदकं दोन दुपारांत झाली असती. पण त्याच्या एका भागात आयसोसायनेट असतं. ते पाण्याशी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पदकाऐवजी फेस हातात येतो. पावसाळ्यात हवेतली आणि आत मिसळायच्या भुकटीत मुरलेली ओलही त्याला पुरते. एकदा उघडलेली बाटली महिनाभरात बिघडू शकते. आणि आयसोसायनेट दमा जडवणाऱ्या ज्ञात पदार्थांपैकी आहे. ज्या घरात एक माणूस आधीच पंप घेऊन बसतं, तिथं वेळ वाचवायला हे आणणं मला मान्य नव्हतं. बाईंनीही मग हट्ट धरला नाही.

उरलं इपॉक्सी. हळू बसतं, वास कमी, आकसणं अगदी थोडं. वास कमी म्हणून लोक ते उघड्या हातानं हाताळतात, हे मात्र चुकीचं. इपॉक्सीच्या हार्डनरची त्वचेला ॲलर्जी जडू शकते आणि एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. नायट्राइलचे हातमोजे, लांब बाह्या, हाताला लागलं तर साबण-पाणी; थिनरनं पुसलं तर ते कातडीत अजून आत जातं. काम गच्चीवरच, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून.

वेळेचं गणित सरळ होतं. चार पदकांचा एक साचा, असे दोन साचे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी ओतायचं, दुसऱ्या संध्याकाळी काढायचं. रोज आठ, सहा संध्याकाळी ४८. नोव्हेंबर अजून लांब होता.

साचा

मातीच्या पदकावरून थेट चार घरांचा, म्हणजे चार खळग्यांचा, साचा करायचा नव्हता, कारण माती एकच साचा देते. आधी एका पदकाचा टिन रबराचा साचा केला, त्यात इपॉक्सीची चार पदकं एकामागून एक ओतली. त्यांच्यातली बारीक छिद्रं पुटीनं भरून ४०० आणि मग ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरनं घासली. ओलं घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही. ही चार पदकं आता मूळ झाली. त्यांच्यावरून मोठा साचा दोनदा ओतला. या फेऱ्यांत टिन रबर दोनदा आकसलं असणार. दर वेळी अर्धा टक्का धरला तरी ६० मिलिमीटरला अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. यंत्राच्या भागाला हे चाललं नसतं, कमरपट्ट्याला काय फरक पडतो!

पेटी १५ सेंटिमीटर लांब-रुंद, पदकाच्या सर्वांत उंच टोकावर दहा मिलिमीटर रबर राहील एवढी उंच. चार पदकं खाली ॲक्रिलिकच्या तुकड्यावर दुहेरी चिकटपट्टीनं पक्की बसवली, नाहीतर रबर खाली शिरून त्यांना तरंगवतं. पदकांवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. सांधे ग्लू गननं बंद.

रबर किती लागेल हे मोजायला बाईंनी पेटीत तांदूळ ओतले आणि ते मापात काढून पाहिले. मी कागदावर मांडलं: १५ गुणिले १५ गुणिले १.८ म्हणजे ४०५ घनसेंटिमीटर, त्यातून चार पदकांचे ६८ वजा, राहिले ३३७. रबराची घनता १.२ धरली तर ४०० ग्रॅम. दोन्ही उत्तरं जवळ आली. तांदळाचे दाणे मात्र एकेक वेचून काढले, राहिलेला एक दाणाही साच्यात उमटतो.

घेतलेल्या टिन रबराला १०० ग्रॅमला ३ ग्रॅम उत्प्रेरक लागत होता, म्हणजे ४०० ला १२. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या टप्प्यानं चालतो, १२ ग्रॅमला तो चालून जातो. पण चाचणीच्या वीस ग्रॅमला सहा दशांश ग्रॅम हवा, तिथं तो आंधळा. सोनाराकडं असतो तसा छोटा काटा या कामातली सर्वांत कामाची खरेदी आहे असं मी मानतो.

रबर मोठ्या भांड्यात ढवळलं. भांड्याचा तळ आणि कडा खरवडून घेतल्या, मग सगळं दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळलं. पहिल्या भांड्याच्या भिंतीला चिकटलेलं कच्चं रबर असं मागं राहतं. आधी ब्रशनं नक्षीत पातळ थर लावला. मग पेटीच्या एका कोपऱ्यात, हात उंच धरून, सुतळीएवढी बारीक धार. धार जितकी बारीक तितके बुडबुडे वाटेत फुटतात. रबरानं स्वतः पसरत पदकांवर चढायचं, आपण त्यांच्यावर ओतायचं नाही. पावसाळी ओल इथं उलट मदतीला आली. टिन रबराला पक्कं व्हायला थोडी ओल लागतेच. सकाळी साचा सुटला तेव्हा सहाही पाकळ्या आणि मधला गोळा स्वच्छ उमटले होते.

ओतकाम आणि दुसरा चिकटपणा

सोनेरी रंग नंतर मारायचा नाही, साच्यातच घालायचा, हे आधीच ठरलं होतं. रंगाच्या दुकानात मिळणारी पितळी सोनेरी भुकटी मऊ ब्रशनं साच्याच्या घरांत घासली आणि उरलेली झटकून टाकली. भुकटी रबराला आपोआप धरते. मग काळा रंग मिसळलेलं इपॉक्सी आत ओतलं. तुकडा निघतो तेव्हा धातूचा थर त्याच्या कातडीत बसलेला असतो. बारीक स्टील वूलनं घासलं की उंचवटे चमकतात आणि खाचा काळसर राहतात. अण्णांना हवी होती ती खोली अशी दुपटीनं मिळाली. ही भुकटी फार हलकी असते, उडते. मास्क घालून, पंखा बंद करून काम करायचं आणि जवळपास ज्योत नको.

इपॉक्सीच्या डब्यावर प्रमाण दोनास एक असं लिहिलेलं होतं, खाली बारीक अक्षरांत "आकारमानानं". हे वाचायचं राहून जातं. हार्डनर रेझिनपेक्षा हलकं असतं, म्हणून वजनानं दोनास एक घेतलं तर हार्डनर जास्त पडतं. आमच्या मालात वजनाचं प्रमाण १०० ला ४३ च्या आसपास निघालं. एका संध्याकाळचं दीडशे ग्रॅम: १०५ रेझिन, ४५ हार्डनर. तीन-चार मिनिटं शांतपणे ढवळून लगेच ओतायचं. कालवलेलं इपॉक्सी उभ्या पेल्यात राहिलं तर स्वतःच्या उष्णतेनं तापतं, धूर निघेपर्यंत. साच्यात पातळ पसरलं की ती उष्णता निघून जाते.

दुसऱ्या संध्याकाळी पहिली आठ पदकं निघाली. समोरून सुंदर. पाठीमागून तेलकट, चिकट.

बाईंचा आवाज फोनवर पडलेला होता. "परत तेच झालं हो."

तेच नव्हतं. नखानं दाबलं तर पाठ टणक होती, फक्त वर तेलाचा हात फिरवल्यासारखा थर होता. आणि तो थर फक्त हवेकडच्या बाजूला, साच्याकडच्या बाजूला नाही. पहिल्या वेळी चिकटपणा मातीच्या बाजूला होता, आता हवेच्या. इपॉक्सीचं अमाइन हार्डनर दमट हवेत ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी मिळून पृष्ठभागावर असा मेणचट थर सोडतं. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला होता, शेड उघडी होती. कोमट पाणी, भांड्याचा साबण, हिरवा स्क्रबर. पाच मिनिटांत पाठ कोरडी झाली. थिनरनं पुसलं तर तो थर नुसता पसरतो. धुतल्याशिवाय गोंद किंवा रंग लावला तर तो काही दिवसांत सोलून येतो, म्हणून हे धुणं रोजच्या कामात धरलं आणि ओतल्यावर साच्यांवर उलटी पेटी झाकायला सुरुवात केली. थर बराच कमी झाला.

कमरपट्ट्याला पदक शिवता यावं म्हणून पाठीमागं तारेची छोटी कडी हवी होती. ओतल्याबरोबर ठेवली तर ती बुडते, पक्कं झाल्यावर बसत नाही. रेझिन गुळाच्या पाकासारखं जड झालं की त्याच वेळी कडी टेकवायची. ही वेळ बाईंनी काडी लावून लावून ओळखायला घेतली आणि दोनतीन संध्याकाळींत त्यांना ती न बघता कळू लागली.

प्लॅटिनमचं उरलेलं रबरही कामी आलं. मुकुटासाठी पारदर्शक खडे हवे होते. बांगड्यांच्या दुकानातून काचेचे पैलूदार खडे आणले. काच प्लॅटिनमच्या वाटेत येत नाही, आणि मूळ जितकं चकचकीत तितका साचा, तितकाच ओतलेला तुकडा. कप नवे, काड्या नव्या, हातमोजे नायट्राइलचे, आणि टिन रबराला लागलेला ब्रश जवळसुद्धा नाही. लाल आणि हिरवी छटा मिसळलेल्या पारदर्शक इपॉक्सीचे खडे असे निघाले की अण्णांनी एक खिशात टाकला आणि परत द्यायला विसरले.

प्रयोगाआधी

तयार पट्टा निवारीच्या पट्टीवर शिवला. घामानं पितळी भुकटी हिरवट पडते, म्हणून पदकांवर पारदर्शक लॅकरचा एक हात मारला. एक पदक मुद्दाम गच्चीवर भर उन्हात काळ्या पत्र्यावर ठेवलं. खोलीच्या तापमानाला पक्कं होणारं घरगुती इपॉक्सी पन्नास अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि ऊन लागलेल्या गाडीच्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. दुपारी पदक हातानं वाकत होतं; सपाट टेबलावर वजन ठेवून गार केल्यावर पुन्हा सरळ झालं. त्यावरून अण्णांनी नियम घातला की दागिन्यांची पेटी गाडीत सगळ्यांत शेवटी चढेल, सगळ्यांत आधी उतरेल आणि पट्टे गुंडाळून न ठेवता आडवे पसरून ठेवायचे.

तालमीत एक पट्टा तुटला. पदक शाबूत, शिवण उसवलेली. दुहेरी दोरा घातला. रंगीत तालमीला अण्णा मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "दिसतंय, बाई!"

किलोभर इपॉक्सीत ४८ पदकं झाली, वर सहा राखीव. कपांत उरलेलं सगळं पक्कं झाल्यावरच कचऱ्यात टाकलं, मोरीत ओतलं नाही. दोन्ही साचे टाल्कम पावडर लावून, सपाट, त्यांच्या घरांत एकेक जुनं पदक बसवून ठेवले आहेत, म्हणजे आकार धरून राहतील. टिन रबराचे असल्यानं ते काही वर्षांत कडक होऊन फाटू लागतील. म्हणून घासून तयार केलेली ती चार मूळ पदकं वेगळ्या डब्यात, गच्चीवरच्या फळीवर ठेवली आहेत. डब्यावर बाईंनी रबराची जात, उत्प्रेरकाचं प्रमाण आणि इपॉक्सीचं वजनाचं प्रमाण लिहून ठेवलं आहे. नवा संच लागला की त्यांच्यावरून पुन्हा साचा ओतायचा, आणि त्याआधी नव्या मालाचा नाण्याएवढा ठिपका लावून बघायचा.